सॉसच्या बाटलीचे लेबल वाचताना

सुटी संपवून परतणाऱ्या कॅडेट्सच्या ट्रंकांत पूर्वी चिवडा, शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी आणि बेसनाचे लाडू असत. आजही असतात. गेल्या काही वर्षांत मात्र त्यांच्या शेजारी आणखी एक पाहुणी येऊन बसली आहे : पास्ता सॉसची काचेची बाटली. पास्ता मेसमध्ये कधीमधी होतो, पण ही बाटली रोज उघडते. ब्रेडवर, पोळीवर, उकडलेल्या अंड्यावर, एवढेच काय, भातावरसुद्धा हा लाल सॉस पसरलेला मी पाहिला आहे.

आहारशास्त्राचा धडा शिकवताना नववीच्या एका कॅडेटने मला विचारले, "सर, हा टोमॅटोच आहे ना? मग मेसमधली भाजी सोडली आणि हा खाल्ला, तर काय बिघडले?" प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. ते बाटलीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेले असते आणि ते वाचायला शिकावे लागते. नकाशा वाचताना आपण आधी प्रमाण आणि सांकेतिक चिन्हे पाहतो, मग टेकडी-ओढे शोधतो. लेबलाचेही तसेच आहे. म्हणून वर्गात सगळ्यांना रिकाम्या बाटल्या आणायला सांगितल्या आणि दोन तासिका आम्ही केवळ लेबले वाचली. त्या धड्याचा हा सारांश कॅडेट्ससाठी आणि घरी वाचणाऱ्या पालकांसाठीही आहे.

१. बाटलीत अन्न टिकते कसे?

काचेच्या बाटलीत अन्न महिनोन्महिने टिकवण्याची विद्या सैन्याच्या गरजेतून जन्माला आली, हे आपल्या शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक असावे. १७९५ साली फ्रेंच सरकारने सैन्यासाठी अन्न टिकवण्याची पद्धत शोधणाऱ्याला १२,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. निकोला आपेर या मिठाईवाल्याने अनेक वर्षे प्रयोग केले. रुंद तोंडाच्या बाटल्यांत अन्न भरायचे, बूच घट्ट बसवायचे आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवायच्या, ही त्याची रीत. १८१० साली त्याला ते पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने डब्यांत अन्न टिकवण्याचे पेटंट घेतले आणि पुढे काही वर्षांत ब्रिटिश नौदलाकडे डबाबंद अन्न जाऊ लागले. अन्न नासत का नाही, याचे कारण मात्र आपेरला सांगता आले नव्हते. ते लुई पाश्चरच्या सूक्ष्मजीवांवरील संशोधनानंतर उलगडले. आपल्या देशात १९६१ पासून म्हैसूरची संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा हेच काम करते. सीमेवरच्या जवानाला फ्रीजशिवाय टिकणारे, तयार जेवण पोहोचवण्याच्या पद्धती तिथे विकसित होतात.

टोमॅटोच्या सॉसला टिकण्यासाठी दोन आधार असतात : उष्णता आणि आंबटपणा. सॉस तापवून बाटलीत भरला की बहुतेक जंतू मरतात. गार होताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो. पहिल्यांदा उघडताना 'टक्' असा आवाज येतो तो याचाच. दुसरा आधार आंबटपणाचा. सामू ४.६ पेक्षा कमी असेल तर बोट्युलिझम हा घातक आजार घडवणारा जंतू वाढू शकत नाही. टोमॅटोचा सामू या रेषेच्या आसपासच असतो, म्हणून सॉसमध्ये थोडे सायट्रिक आम्ल घालून तो खात्रीने खाली आणतात.

यावरून एक गोष्ट कळते. 'परिरक्षक घातलेले नाहीत' असे बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, त्यात खोटे काही नसते. उष्णता, आम्ल आणि घट्ट झाकण यांनी ते काम केलेले असते. पण या वाक्याचा मीठ, साखर किंवा तेलाशी काहीही संबंध नाही. परिरक्षक नसलेला सॉस खारट असू शकतो.

२. घटकांची यादी : आधी कोण, नंतर कोण

लेबलाचा पहिला भाग म्हणजे घटकांची यादी. नियम असा, की ज्या घटकाचे वजन सर्वांत जास्त, तो पहिला. मग उतरत्या क्रमाने बाकीचे. परेडमध्ये उंचीप्रमाणे उभे करतात, तसेच हे वजनाप्रमाणे उभे केलेले असतात. त्यामुळे पहिले चार-पाच घटक वाचले की बाटलीचा स्वभाव कळतो.

लाल सॉसच्या यादीत सुरुवातीला साधारणपणे टोमॅटो, टोमॅटो प्युरी किंवा 'पाणी, टोमॅटो पेस्ट' असते. 'पाणी' पहिले दिसले की फसवणूक झाली, असे समजू नका. थोडे गणित करू. ताज्या टोमॅटोत सुमारे ९५ टक्के पाणी असते, म्हणजे घन भाग १०० ग्रॅममध्ये जेमतेम ५ ग्रॅम. पेस्ट म्हणजे आटवलेला टोमॅटो. तिच्यात घन भाग २८ टक्के आहे असे धरू. १०० ग्रॅम सॉसमध्ये अशी २० ग्रॅम पेस्ट असेल, तर घन भाग ५.६ ग्रॅम झाला. म्हणजे सुमारे ११२ ग्रॅम ताज्या टोमॅटोइतका. तेव्हा पाणी आणि पेस्ट मिळून पुन्हा टोमॅटोच तयार झाला. पेस्टची टक्केवारी कंसात दिलेली असेल तर हा हिशेब तुम्हीही करू शकता. पेस्ट ५-६ टक्केच असेल आणि पुढे लगेच साखर व स्टार्च असेल, तर मात्र तो दाटपणा टोमॅटोचा नाही, हे ओळखा.

यादीत पुढे तेल येते. तेलाचे नाव वाचा. पाम तेलात सुमारे निम्मी चरबी संपृक्त असते, ऑलिव्ह तेलात सुमारे १४ टक्के आणि सूर्यफूल तेलात त्याहूनही थोडी कमी. बाटलीच्या पुढच्या बाजूला ऑलिव्हचे चित्र असेल, तर मागच्या यादीत ऑलिव्ह तेल कितव्या क्रमांकावर आहे ते जरूर पाहा.

शेवटी आकडे येतात. आय.एन.एस. म्हटले की तुम्हाला युद्धनौका आठवतील. इथे मात्र ती अन्नातील मिश्रकांची आंतरराष्ट्रीय क्रमांक पद्धती आहे. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, २६० म्हणजे ॲसेटिक आम्ल (व्हिनेगरमधले), ४१५ म्हणजे झँथन गम, १४२२ म्हणजे बदल केलेला स्टार्च. पैकी शेवटचे दोन दाटपणासाठी. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट आणि २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, हे परिरक्षक. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट, चवीसाठी. हे सर्व ठरावीक मर्यादेत वापरायला परवानगी असलेले पदार्थ आहेत. आकडा दिसला की घाबरायचे कारण नाही, पण आपण काय खातो त्याचे नाव माहीत असावे.

३. पोषणाचा तक्ता आणि 'एक सर्व्हिंग' नावाची पळवाट

आता आकड्यांकडे वळू. समजण्यासाठी एक नमुना लेबल घेऊ. हे कोणत्याही एका कंपनीचे नाही, पण लाल पास्ता सॉसचे आकडे साधारण याच पट्ट्यात येतात.

दर १०० ग्रॅममध्ये :
ऊर्जा – ७८ किलोकॅलरी
प्रथिने – १.५ ग्रॅम
कर्बोदके – १० ग्रॅम
एकूण साखर – ७ ग्रॅम
त्यांपैकी वरून घातलेली साखर – ३ ग्रॅम
एकूण चरबी – ३.५ ग्रॅम
संपृक्त चरबी – ०.५ ग्रॅम
ट्रान्स चरबी – ०
सोडियम – ४८० मिलिग्रॅम
बाटलीचे निव्वळ वजन ४०० ग्रॅम. एक सर्व्हिंग ५० ग्रॅम.

पहिला धडा, आकडे तपासून घ्या. प्रथिने आणि कर्बोदके यांतून दर ग्रॅमला ४ किलोकॅलरी मिळतात, चरबीतून ९. म्हणून (१.५ × ४) + (१० × ४) + (३.५ × ९) = ६ + ४० + ३१.५ = ७७.५. तक्त्याशी जुळले.

दुसरा धडा सर्व्हिंगचा. आपल्या देशातील लेबलांवर एका सर्व्हिंगमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, हे द्यावे लागते. त्यासाठी सरासरी प्रौढ माणसाची दैनंदिन मर्यादा अशी धरली आहे : ऊर्जा २००० किलोकॅलरी, एकूण चरबी ६७ ग्रॅम, संपृक्त चरबी २२ ग्रॅम, ट्रान्स चरबी २ ग्रॅम, वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम, म्हणजेच ५ ग्रॅम मीठ. हे आकडे वहीत लिहून ठेवा. कोणत्याही पाकिटाला लावता येतात.

आपल्या नमुन्यात ५० ग्रॅमच्या सर्व्हिंगमध्ये सोडियम २४० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या १२ टक्के. वाचायला निरुपद्रवी वाटते. पण ५० ग्रॅम म्हणजे जेमतेम तीन टेबलस्पून. या हिशेबाने एक बाटली आठ जणांना पुरली पाहिजे. आपल्या हाउसमध्ये ४०० ग्रॅमची बाटली आठ जणांना पुरलेली कोणी पाहिली आहे का? दोघांत ती संपते, हे मला ठाऊक आहे. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २०० ग्रॅम. मग सोडियम ९६० मिलिग्रॅम, दिवसाच्या ४८ टक्के. लेबल खरे आहे. फक्त ते जी सर्व्हिंग गृहीत धरते ती तुमची नाही. म्हणून टक्केवारीचा रकाना सोडा, १०० ग्रॅमचा रकाना वाचा आणि आपण खरोखर किती खातो त्याने गुणा.

४. मीठ

सोडियमला २.५ ने गुणले की मिठाचे वजन मिळते. ९६० मिलिग्रॅम × २.५ = २४०० मिलिग्रॅम, म्हणजे २.४ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. त्यातले निम्मे एकट्या सॉसमधून गेले. ताज्या टोमॅटोत सोडियम १०० ग्रॅममागे ५ मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे जवळजवळ नाहीच. ही भर सगळी कारखान्यात पडलेली आहे.

यावर कॅडेट्सचा ठरलेला मुद्दा असतो, "सर, आम्हाला तर घाम येतो. मीठ हवेच की." मुद्दा चुकीचा नाही. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते एक ग्रॅम आणि काही जणांत त्याहूनही जास्त सोडियम जाते. उन्हाळ्यात क्रॉस कंट्रीचा सराव करणाऱ्या मुलाची गरज खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसासारखी नसते. पण डाळ, भाजी, लोणचे, पापड यांतून मेसमध्ये मीठ भरपूर मिळते. घाम गेल्यावर आधी पाणी हवे, आणि काही जास्त लागत असेल तर ते शाळेचे वैद्यकीय अधिकारी सांगतील.

खरा प्रश्न वेगळा आहे. जिभेला खारटपणाची जी पातळी चौदाव्या-पंधराव्या वर्षी सवयीची होते, तीच पुढे बेताची वाटू लागते. परेड सुटते, पी.टी. सुटते, जीभ मात्र तीच राहते. आज तुमच्यापैकी कित्येकांचे आई-वडील किंवा आजोबा रक्तदाबाची गोळी घेतात आणि सुटीत तुमच्या हट्टाने आणलेला पास्ता घरातले सगळेच खातात. तुमच्या शरीराला पचणारे ९६० मिलिग्रॅम आजोबांसाठी मोठे आहेत. म्हणून घरातला लेबल वाचणारा माणूस तुम्ही व्हा.

दुकानात निवड करताना एक सोपी फूटपट्टी सांगतो. 'कमी सोडियम' असा दावा करायचा असेल, तर घन पदार्थात १०० ग्रॅममागे सोडियम १२० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असून चालत नाही. तेवढे कमी क्वचितच मिळेल. पण दोन बाटल्या शेजारी ठेवून एकीवर ३०० आणि दुसरीवर ५५० लिहिलेले दिसले, तर कोणती घ्यायची हे आता सांगायला नको.

५. साखर

तक्त्यात साखरेच्या दोन ओळी असतात आणि त्यांत पुष्कळांचा गोंधळ होतो. 'एकूण साखर' यात टोमॅटो आणि कांद्याची स्वतःची साखरही येते. टोमॅटोत ती १०० ग्रॅममागे अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि आटवल्यावर प्रमाण वाढते. तिची चिंता नको. 'वरून घातलेली साखर' ही ओळ महत्त्वाची. आपल्या नमुन्यात ती ३ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या बाटलीत ६ ग्रॅम, सव्वा ते दीड चमचा. फार नाही. आंबटपणा बेताचा करण्यासाठी ती घालतात.

इथे टोमॅटो केचपशी तुलना करून पाहा. केचपमध्ये वजनाच्या सुमारे पाव भाग साखर असते आणि सोडियमही पास्ता सॉसच्या जवळपास दुप्पट असू शकते. पास्ता सॉस संपला की पास्त्यावर केचप ओतणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन्हींचा रंग एक, पण आतला हिशेब निराळा.

६. लाल, पांढरा आणि हिरवा

पास्ता सॉस म्हणजे केवळ लाल नव्हे. पांढरा सॉस साय, चीज, लोणी किंवा तेल आणि स्टार्च यांचा असतो. त्यात चरबी १०० ग्रॅममागे सहज १० ते १५ ग्रॅम निघते, लाल सॉसच्या तिप्पट-चौपट, आणि तिचा मोठा भाग संपृक्त असतो. हिरवा पेस्टो म्हणजे बेसिलची पाने, तेल, सुका मेवा आणि चीज. दिसायला पालेभाजी, पण चरबी १०० ग्रॅममागे ४० ग्रॅमपर्यंत असू शकते. पेस्टो चटणीसारखा एक-दीड चमचा घ्यायचा असतो. ब्रेडवर जाड थर द्यायचा नसतो.

एक चांगली गोष्टही नोंदवतो. औद्योगिक ट्रान्स चरबीवर १ जानेवारी २०२२ पासून आपल्या देशात कडक मर्यादा आहे : एकूण तेल-चरबीच्या २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. त्यामुळे त्या ओळीत बहुधा शून्य दिसते. ते शून्य चांगलेच, पण ते पाहून संपृक्त चरबीची ओळ वाचायची राहू नये.

७. मग हा सॉस भाजी आहे का?

त्या कॅडेटचा प्रश्न अमेरिकेच्या संसदेतही गाजला होता. तिथल्या शाळांच्या जेवणात पिझ्झ्यावरची थोडीशी टोमॅटो पेस्ट तिच्या प्रत्यक्ष मापापेक्षा जास्त भाजी म्हणून मोजली जात असे. हा नियम बदलावा असा कृषी खात्याचा प्रस्ताव होता. २०११ साली संसदेने तो अडवला आणि 'पिझ्झा म्हणजे भाजी' अशी सर्वत्र थट्टा झाली.

थट्टा बाजूला ठेवून जीवशास्त्राच्या अंगाने पाहू. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा. ते चरबीत विरघळते. टोमॅटो शिजला की पेशींच्या भिंती फुटतात, लायकोपीन मोकळे होते आणि सोबत थोडे तेल असेल तर ते शरीरात चांगले शोषले जाते. या बाबतीत शिजवलेला सॉस कच्च्या टोमॅटोपेक्षा सरस आहे. टोमॅटोतले पोटॅशियमही सॉसमध्ये राहते. उलट, क जीवनसत्त्वाचा काही भाग उष्णतेने नष्ट होतो.

म्हणजे सॉसमध्ये टोमॅटोचे गुण आहेत, यात शंका नाही. पण भाजीचे काम एकटा टोमॅटो करत नाही. पालकातले फोलेट, गाजरातले बीटा कॅरोटीन, गवार-भेंडीतला तंतुमय भाग, मटकीतली प्रथिने, हे सारे त्या बाटलीत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे आणि भाज्या सुचवते. त्यात विविधता अपेक्षित आहे. सॉसच्या जोरावर तेवढे गाठायला गेलात, तर ४०० ग्रॅमची पूर्ण बाटली, म्हणजे १९२० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाईल. त्या कॅडेटला मी हेच उत्तर दिले : सॉस भाजीसोबत खा, भाजीऐवजी नको.

८. ताटाचा हिशेब

आता पूर्ण ताट मोजू. १०० ग्रॅम कोरडा पास्ता : सुमारे ३५० किलोकॅलरी, १२ ग्रॅम प्रथिने. अर्धी बाटली सॉस : १५६ किलोकॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने, ९६० मिलिग्रॅम सोडियम. प्रक्रिया केलेल्या चीजची एक स्लाइस : सुमारे ६० किलोकॅलरी, ४ ग्रॅम प्रथिने, २५० मिलिग्रॅम सोडियम. बेरीज ५६६ किलोकॅलरी, १९ ग्रॅम प्रथिने, १२१० मिलिग्रॅम सोडियम. पास्ता उकळताना पाण्यात घातलेले मीठ वेगळेच.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ३३२० किलोकॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिने लागतात. त्याच वयाच्या मुलीला सुमारे २५०० किलोकॅलरी आणि ४६ ग्रॅम. म्हणजे या ताटातून मुलाला ऊर्जा मिळाली सुमारे १७ टक्के, प्रथिने ३५ टक्के, आणि सोडियम मात्र प्रौढाच्या मर्यादेच्या ६० टक्के. पोट भरल्यासारखे वाटले, पण रात्रीच्या प्रेपपर्यंत भूक लागणारच, आणि मिठाचा कोटा अर्ध्याहून अधिक संपलेला.

हेच ताट सुधारणे अवघड नाही. सॉस १०० ग्रॅमच घ्या, म्हणजे पाव बाटली. त्यात परतलेली ढोबळी मिरची, गाजर, मटार, पालक घाला. चीजऐवजी ५० ग्रॅम पनीर, दोन अंडी किंवा वाटीभर उकडलेले चणे घाला. सोडियम निम्म्याच्या आसपास येते, प्रथिने वाढतात आणि सॉसची चवही राहते.

९. उघडलेली बाटली आणि आपली डॉर्मिटरी

हा भाग कॅडेट्सनी दोनदा वाचावा. बंद बाटलीची मुदत महिन्यांची असते. उघडलेल्या बाटलीची दिवसांची. 'उघडल्यानंतर फ्रीजमध्ये ठेवा आणि इतक्या दिवसांत संपवा' हे वाक्य लेबलावर असतेच. डॉर्मिटरीत फ्रीज नसतो. उघडलेली बाटली लॉकरमध्ये, बुटांच्या पॉलिशशेजारी, आठवडाभर राहते. आंबटपणा जंतूंना रोखतो, पण बुरशीला तो पुरेसा अडवत नाही. वरची बुरशी चमच्याने काढून खालचा सॉस खाणे धोक्याचे आहे, कारण बुरशीचे तंतू आणि तिची विषारी द्रव्ये डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून नियम सोपे ठेवा. बाटली उघडायची तर पूर्ण हाउसच्या टेबलावर, एका जेवणात संपेल अशी. मोठीपेक्षा लहान बाटली किंवा एका वेळचे पाकीट चांगले. झाकण फुगलेले असेल, उघडताना 'टक्' आवाज आला नाही, वास आंबूस येत असेल किंवा फेस दिसत असेल, तर चव घेऊन पाहू नका; फेकून द्या.

पालकांनाही एक विनंती. घरी केलेला सॉस किंवा तेलात बुडवलेला लसूण-पेस्टो बाटलीत भरून मुलांबरोबर प्रवासाला पाठवू नका. तेलाखाली हवा नसते आणि लसणात आंबटपणा नसतो. बोट्युलिझमच्या जंतूला नेमके हेच हवे असते. असे पदार्थ फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत घरीच संपवावेत. प्रवासाला कोरडी शेंगदाण्याची चटणीच उत्तम.

१०. घरी करून पाहा

सुटीत एक प्रयोग करा. १ किलो पिकलेले टोमॅटो, एक कांदा, एक किसलेले गाजर, लसणाच्या सात-आठ पाकळ्या, तीन चहाचे चमचे तेल आणि सपाट अर्धा चमचा मीठ, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. कांदा-लसूण परतून गाजर आणि टोमॅटो घाला, मंद आचेवर पाऊण तास आटू द्या. आंबटपणा गाजराच्या गोडीने सावरतो, साखर लागत नाही. सॉस साधारण ६०० ग्रॅम होतो. मिठातून सोडियम १२०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅममागे २०० मिलिग्रॅम. नमुना बाटलीच्या निम्म्याहून कमी. पहिल्या दिवशी अळणी वाटेल. आठवडाभर खाऊन पाहा, मग बाजारातला सॉस खारट लागू लागेल.

स्वाध्याय

१. एका सॉसवर १०० ग्रॅममागे सोडियम ५२० मिलिग्रॅम लिहिले आहे. तुम्ही १५० ग्रॅम खाल्ला. पोटात मीठ किती ग्रॅम गेले? दिवसाच्या मर्यादेच्या किती टक्के?
२. 'पाणी, टोमॅटो पेस्ट (१२%), साखर, स्टार्च' या यादीतील १०० ग्रॅम सॉस किती ग्रॅम ताज्या टोमॅटोइतका आहे? (पेस्टमध्ये घन भाग २८ टक्के धरा.)
३. घरातील कोणत्याही तीन पाकिटांची लेबले वाचून १०० ग्रॅममागील सोडियम, वरून घातलेली साखर आणि संपृक्त चरबी यांचा तक्ता करा. तो तक्ता घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला समजावून सांगा आणि त्यांनी काय विचारले ते लिहून आणा.

तिसऱ्या प्रश्नाला सर्वांत जास्त गुण आहेत. उत्तरे सुटीनंतरच्या पहिल्या तासिकेला तपासली जातील.